नवतप्यात खुराडं गार कसं ठेवायचं

वर्धा जिल्ह्यात गावाच्या कडेला आमचं घर आहे. परसात दहा फूट लांब, सहा फूट रुंद, टिनाच्या छपराचं खुराडं. कोंबड्या पाळायला लागले त्या पहिल्याच उन्हाळ्यात चौदांपैकी पाच एका दुपारी गेल्या, आणि त्या माझ्या अति काळजीनं गेल्या.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागून दोनच दिवस झाले होते. बाहेर ४५ अंश. मी चारी बाजूंनी ओलं बारदान बांधलं, टिनावर पाणी मारलं, दार ओढून घेतलं आणि निर्धास्त झोपले. पाच वाजता बारदान उचललं तर आंघोळीनंतरच्या न्हाणीघरासारखी वाफ तोंडावर आली. पाच जणी पाय लांब करून पडलेल्या, बाकीच्या चोची उघड्या टाकून भिंतीला टेकलेल्या. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कूलर लावून सारी दारं-खिडक्या बंद करते का कोणी?"

विदर्भातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. कूलर चालतो तो खिडकी उघडी असते म्हणून. एका बाजूनं ओली हवा आत यावी, दुसऱ्या बाजूनं निघून जावी. वाट बंद केली की अर्ध्या तासात खोलीत चिकचिक होते आणि जीव नकोसा होतो. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. पाच ते पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांसाठी हे लिहिते आहे. शेकड्यांनी ब्रॉयलर ठेवणाऱ्यांचं गणित वेगळं.

आधी कोंबडीचं अंग समजून घ्या

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच वाटा. एक म्हणजे तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) आणि उघडे पाय. दुसरी म्हणजे चोच उघडून धापा टाकणं, म्हणजे श्वासातून ओलावा उडवणं. साधारण ३० अंशांच्या पुढे ती धापा टाकायला लागते. आजूबाजूची हवाच वाफेनं भरलेली असेल तर ओलावा उडणार कुठे? माझ्या पाच कोंबड्यांचं हेच झालं.

सारख्या धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याचा परिणाम अंड्याच्या कवचावर होतो. मे महिन्यात अंडी कागदासारखी पातळ आली तर कोंबडीला रोग झाला असं लगेच धरू नका, आधी खुराड्यातलं तापमान बघा.

लागणारं साहित्य

- तापमान आणि हवेतला ओलावा दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर
- विझवलेला चुना, थोडं फेविकॉल, लांब दांड्याचा कुंचला
- तुराट्या, पऱ्हाट्या, भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट, तुमच्याकडे जे मिळेल ते
- चार-पाच बांबू, बांधायची तार
- बारदानाची पोती, उसवून सपाट केलेली
- अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी
- हिरवी शेडनेट, ७५ टक्के सावलीची
- मातीची परळं किंवा प्लास्टिकचे ड्रिंकर, कोंबड्यांच्या गरजेपेक्षा दोन जास्त
- इलेक्ट्रोलाइट पावडर. जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते

यातलं निम्मं घरात सापडतं. मीटर मात्र विकत घ्याच. हात घालून पाहिलेलं तापमान खोटं असतं, कारण आपला हात बाहेरच्या उन्हातून आलेला असतो.

१. तीन दिवस नुसतं मोजा

हे काम गुढीपाडव्याच्या आत उरका. मीटर कोंबडी जिथे बसते त्या उंचीवर टांगा, छताजवळ नको. सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा तीन वेळा आकडे लिहून ठेवा. रात्रीचा आकडा लोक विसरतात. विटांच्या भिंती दिवसभर तापून रात्री आतच उष्णता सोडत बसतात, आणि कोंबड्या तर तेव्हाच कोंडलेल्या असतात. आमच्याकडे मार्चअखेरीस रात्री नऊला अंगण गार आणि खुराडं त्याहून पाच अंश गरम असा प्रकार होता. दाराची फळी काढून तिथे जाळी लावल्यावर फरक दीड-दोन अंशांवर आला. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच ठरली.

२. पश्चिम अडवा

दुपारी दोन ते सहाचं तिरपं ऊन भिंतीवर आणि जाळीतून थेट आत येतं. खुराडं नव्यानं बांधणार असाल तर लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पश्चिमेच्या उन्हाला तोंड द्यायला फक्त आखूड भिंत येते. छपराची वळचण तीन फूट बाहेर काढा.

बांधून झालेलं खुराडं फिरवता येत नाही. मग पश्चिमेला भिंतीपासून दोन-तीन फुटांवर बांबू रोवून शेडनेट ताणा. भिंतीला चिकटवून लावू नका, मध्ये हवा खेळली पाहिजे. दूरचा विचार असेल तर पावसाळ्यात त्या बाजूला शेवगा लावून ठेवा. तो भराभर वाढतो आणि पाला कोंबड्यांनाही चालतो. कडुनिंबाला वेळ लागतो, पण त्याच्या सावलीची सर कशालाच नाही. आमच्या कोंबड्यांना सोडलं की त्या खुराडं सोडून लिंबाखाली जातात, बुडाशी ओलसर माती उकरून खळगा करतात आणि पोट टेकून बसतात. तो खळगा बुजवू नका. आम्ही भांडी घासलेलं पाणी मुद्दाम तिकडे सोडतो, फक्त साबणाचं नाही.

३. छप्पर

टिनाला दोन गोष्टी करायच्या.

पहिली चुना. भिजवून गाळलेला चुना दुधाएवढा पातळ करा, बादलीमागे पाव किलो फेविकॉल घाला आणि दोन हात मारा. काम संध्याकाळी करा. तापलेल्या टिनावर चुना लावला तर तो तिथल्या तिथे सुकतो आणि चार दिवसांत पापुद्रे सुटतात. चुना कालवताना डोळे सांभाळा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. नुसत्या या पांढऱ्या रंगानं आमच्या खुराड्यात दुपारचे तीन-चार अंश उतरले.

दुसरी गोष्ट म्हणजे वरचा थर. टिनावर आडवे बांबू ठेवून त्यावर तुराट्या पसरा, म्हणजे टिन आणि तुराट्यांमध्ये वीतभर पोकळी राहते. नवे लोक तुराट्या थेट टिनावर टाकतात. त्यानंही सावली होते, पण पोकळीतून वारा वाहिला की फरक हाताला कळतो. थर तारेनं घट्ट बांधा. मे महिन्याच्या अवकाळी वादळात शेजाऱ्यांचा सगळा पेंढा आमच्या विहिरीत आला होता.

आणि आग. वाळलेल्या तुराट्या म्हणजे सरपणच. चूल, शेकोटी किंवा कचरा जाळायची जागा खुराड्याजवळ असेल तर हा थर घालूच नका, चुन्यावर भागवा.

४. हवेला यायला वाट, जायला वाट

उष्ण हवा वर जाते. तिला निघायला छपराच्या सगळ्यात उंच जागी फट हवी, आणि खाली कोंबडीच्या पातळीला थंड हवा शिरायला जागा हवी. भिंतीच्या वरच्या भागात दोन्ही लांब बाजूंना फूट-दीड फुटाची पट्टी काढून जाळी बसवा. आम्ही विटांचे वरचे थर काढले, अर्ध्या दिवसाचं काम.

इथे एक सापळा आहे. दुकानदार षटकोनी भोकांची कोंबडीजाळी देतात, ती स्वस्त असते. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. मांजर तिच्यातून पंजा घालून बसलेल्या कोंबडीचा पाय ओढते. रात्री खुराडं उघडं ठेवायचं तर अर्ध्या इंचाची वेल्डमेशच लावा. नाहीतर दोन रात्रींत घाबरून तुम्ही पुन्हा फळ्या ठोकाल आणि कोंबड्या उकडतील.

५. ओलं बारदान, पण एकाच बाजूला

आता मूळ गोष्टीवर येते.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. तुमच्याकडे कुठून येतो ते एका काठीला चिंधी बांधून दोन-तीन दुपारी बघा. वारा ज्या बाजूनं येतो त्याच बाजूच्या जाळीवर बारदान टांगा आणि ते ओलं ठेवा. समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवा. तिथे गोणपाट नको, फळी नको, कडब्याच्या पेंढ्या नकोत. गरम झळ ओल्या बारदानातून आत येताना गार होते, कोंबड्यांच्या अंगावरून जाते आणि समोरून बाहेर पडते. हा बिनमोटारीचा कूलरच.

बारदान ओलं ठेवायला वर भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप आडवा बांधा आणि त्याला ठिबकसारखी बारीक धार सोडा. ते जमत नसेल तर अकरा ते पाच दर अर्ध्या-पाऊण तासानं मगानं पाणी मारा. बारदान गळून खाली गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेलं तूस, भिजणार नाही एवढंच मारायचं. खाली निचऱ्याची छोटी नाली काढलीत तर बरं.

वारा पडला असेल तर टेबल फॅन बारदानाच्या बाहेर ठेवून आत हवा ढकला. नुसता पंखा, तोही ४४-४५ अंशांच्या कोरड्या हवेत, कोंबडीवर सोडू नका. हवा तिच्या अंगापेक्षा गरम असेल तर पंखा तिला गार करत नाही, उलट भट्टीसमोर बसवतो. हे मला फार उशिरा कळलं. बाहेर ३५-३८ अंश असतील तेव्हा मात्र नुसता पंखाही उत्तम काम करतो. वायर उंचावरून न्या; ओल्या बारदानाजवळ जोड दिलेली वायर म्हणजे कोंबड्यांआधी आपलाच नंबर.

मीटरवरचा ओलाव्याचा आकडा इथे उपयोगी पडतो. वर्धा, नागपूर, अकोला, जळगाव, परभणी या पट्ट्यात मेच्या दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो, म्हणून बारदान आठ-दहा अंशही उतरवू शकतं. रत्नागिरी, पणजी किंवा मुंबईकडे तापमान ३३-३४ असलं तरी ओलावा ६५-७० टक्के असतो. तिथे पाणी उडायलाच तयार नसतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी ही पायरी सोडून द्यावी. फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी फवारणारं यंत्र), ओले पडदे यातलं काही नको. झावळ्यांची सावली, चारी बाजूंना जाळी आणि पंखा यावर भर द्या. आमच्यासाठी माझा नियम असा आहे की आत ओलावा ७० टक्क्यांवर गेला की पाणी थांबवायचं आणि वाट कुठे अडली ते शोधायचं.

६. पाणी

एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. उन्हाळ्यात ते दुप्पट होतं. पण पाणी तापलेलं असेल तर ती तोंड लावून मागे सरते आणि तहानेली बसते. भांडं भरलेलं दिसतं म्हणून आपण समाधानी.

- गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट देऊ नका. नळाचं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं. सकाळी माठ किंवा रांजण भरून सावलीत ठेवा आणि त्यातलं द्या.
- मातीची परळं प्लास्टिकपेक्षा बरी, पण रोज घासावी लागतात. शेवाळ लवकर धरतं.
- भांडी एकाच कोपऱ्यात नकोत. तापलेली कोंबडी पाण्यासाठी चालत जात नाही, आणि दांडगी असेल ती भांड्यापाशीच ठाण मांडते.
- इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरच्या प्रमाणात, सकाळी दहा ते दुपारी तीन. शेजारी साधं पाणीही ठेवा. संध्याकाळी उरलेलं ओतून टाका. पावडर मिळाली नाही तर माणसांचं ओआरएस चालतं.

७. खाणं कधी, ते महत्त्वाचं

खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती साधारण चार ते सहा तासांनी सगळ्यात जास्त असते. म्हणजे अकरा वाजता दाणे टाकले तर तीन ते पाचला, नेमक्या वाईट वेळी, कोंबडीच्या पोटात चूल पेटलेली. म्हणून पहाटे उजाडताच पहिलं खाणं, दहाला भांडी उचलायची, आणि ऊन उतरल्यावर साडेपाचनंतर दुसरं. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. उन्हाळ्यात त्यातलं थोडं सोडते. जास्त खावं म्हणून मागे लागू नका. शिंपल्याचा चुरा संध्याकाळच्या खाण्यात घाला, कवच रात्री बनतं.

दुपारी टरबुजाच्या साली, काकडी, पालकाचे देठ चालतात. भिजवलेला कोंडा दोन तासांत आंबतो, तो दुपारी ठेवू नका.

८. गादी, गर्दी आणि खुडूक

हिवाळ्यात घातलेली जाड गादी काढून टाका. तूस आणि विष्ठा कुजताना उष्णता सुटते. उन्हाळ्यात दोन इंच कोरडं तूस पुरे, आठवड्याला हलवा. कोंबड्या दाटीनं बसत असतील तर काही जणी कमी करा. हे ऐकायला नको वाटतं, पण जास्तीचे कोंबडे मार्चमध्येच विकलेले बरे. गिरिराज, वनराज अशा अंगानं भारी कोंबड्या गावरानपेक्षा आधी धापा टाकतात, आणि उघड्या मानेच्या जातीला पिसं कमी असल्यानं ऊन त्यातल्या त्यात सोसतं.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी पाण्यालाही उठत नाही. तिला दिवसातून दोनदा उचलून पाण्यापाशी ठेवा. मेमध्ये अंड्यांवर बसवूच नका, निम्मी अंडी फुकट जातात. खायची अंडीही टोपलीत ठेवू नका. टोपल्यात ओली वाळू घेऊन त्यात माठ अर्धा रुतवा, आत कोरडं गवत, त्यावर अंडी, तोंडाला कापड. फ्रिज नसलेल्या घरात सासूबाईंनी अशीच अंडी सांभाळली.

९. धोका ओळखा आणि लगेच काय करायचं

चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटे: ऊन लागतंय, पाणी आणि वारा बघा. डोळे मिटलेले, तुरा फिका किंवा निळसर, उभं राहता येत नाही: आता मिनिटांचा प्रश्न आहे.

तिला सावलीत आणा आणि पाय गुडघ्यापर्यंत साध्या पाण्यात बुडवा. पायांवर पिसं नसल्यानं उष्णता तिथून झटकन निघते. तुरा आणि गलोल ओल्या फडक्यानं पुसा, पंखांखाली ओला हात फिरवा आणि मग वारा घाला. बर्फाचं पाणी नको. घशात जबरदस्तीनं पाणी ओतू नका, श्वासनळीत गेलं तर उरलेली आशाही संपते. चोचीच्या टोकाला थेंब लावा, ती स्वतः चाटू लागली की थोडं थोडं द्या.

उन्हाळ्यातला प्रत्येक मृत्यू उन्हाचा नसतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या दिवसांत गावागावांत फिरतो. हिरवी हगवण, मान पिळवटणं, सकाळच्या गारव्यातही कोंबड्या मरणं, यातलं काही दिसलं तर उरलेल्या वेगळ्या करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. लस फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. राहिलीच तर भर दुपारी कोंबड्या पकडू नका, पहाटे टोचून घ्या.

१०. पहिला पाऊस पडला की उलटं करा

सगळ्यांना वाटतं, पाऊस आला, सुटलो. खरी घालमेल तेव्हाच होते. जूनमध्ये एक सर येऊन जाते, ऊन पुन्हा ३८-४० वर चढतं आणि हवा चिकट होते. काल जीव वाचवणारं ओलं बारदान आज आत वाफ कोंडतं. मृगाची पहिली सर पडली की बारदान सोडा, चारी बाजू उघड्या करा आणि पंखा लावा. या दिवसांत नुसता वारा लागतो.

तुराट्याही त्याच आठवड्यात उतरवा, भिजल्या की बुरशी धरतात. हातानं ओढू नका, लांब काठीनं पाडा. मागच्या वर्षी आमच्या थरातून चांगली सहा फुटी धामण निघाली. उंदरांमागे आली असणार. तिला कुंपणापलीकडे जाऊ दिलं आणि मग मी आत जाऊन माठातली अंडी मोजली. दोन कमी होती.